रुपालीच्या ब्लॉगचं बारसं

सुक्या मासळीचा डबा कितीही घट्ट लावा, घरात पाऊल टाकणाऱ्याला कळतंच की आत काहीतरी आहे. किश्श्यांचं तसंच. आपण साठवत नाही, ते आपोआप साठतात, आणि चार बायका ओट्यावर बसल्या की वास बाहेर! आमच्या सुनेने, रुपालीने, ब्लॉग सुरू केला तेव्हापासून तर डबे कमी पडायला लागलेत. मी शाळा पाहिली नाही. मी बोलते, फोन लिहून घेतो, आणि चुका रुपाली काढते.

ब्लॉग म्हणजे काय, हे मला जितूने, माझ्या मुलाने, समजावलं. म्हणाला, "आई, तू ओट्यावर बसून गावाला सांगतेस ना? रुपाली तेच मोबाईलमधून सांगते." मग कळलं.

रुपालीची कंपनी इथलं ऑफिस बंद करून भिवंडीकडे गेली. रोज तेवढं लांब कोण जाणार? घरी बसून तिने आमच्या आगरी जेवणावर लिहायला घेतलं. माझा पुतण्या दत्ता बिल्डर आहे, गाव त्याला दत्ताशेट म्हणतं. तो म्हणाला, "वहिनी, लिवून काय व्हनार हाय? माझ्या साईट ऑफिसात बस. एसी हाय, चहा हाय."

रुपालीला तिथे बसायचं नव्हतं. पण घरातल्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणणार? ती म्हणाली, "भावजी, जत्रेपर्यंत थांबा. तोवर माझा ब्लॉग लोकांच्या लक्षात राहिला नाही, तर जत्रेच्या दुसऱ्या दिवशी येते."

दत्ता हसला. "खुर्ची सांगून ठेवतो!"

*

पहिलं नाव ठेवलं 'रुपालीज किचन'. रुपालीने हौसेने जितूला सांगितलं, "शोधून बघा, येतोय का माझा ब्लॉग."

जितूने शोधलं. एक रुपाली केक करत होती, एक रुपाली ढोकळा, एक रुपाली परदेशात बसून पुरणपोळी. बोट दुखेपर्यंत खाली गेला, आमची रुपाली काही सापडेना.

फोन बाजूला ठेवून म्हणाला, "एवढ्या रुपाल्या रांधतायत, तर आज आपण बाहेरून मागवू!"

त्या दिवशी खरोखरच बाहेरून मागवावं लागलं. रुपाली स्वयंपाकघरात गेलीच नाही.

*

मग नाव झालं 'म्हात्र्यांची चूल'. आता पनवेलपासून उरणपर्यंत म्हात्रे किती, हे देवालाही ठाऊक नसेल.

आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ दारात. उरणकडचे म्हात्रे. ओळख ना पाळख. चप्पल काढायच्या आधीच सुरू झाले, "म्हात्रे भाकरीच्या पिठाची उकड दुधात काढतात, असं तुमी लिवलंय? लोक मला विचारतात! माझी अब्रू गेली. म्हात्र्यांचं नाव लावायचं तर म्हात्र्यांना विचारून लावा!"

मी म्हटलं, "बसा तर खरं." रुपालीने तव्यावरची तीच दुधातली भाकरी वाढली, सोबत कोलंबीचं कालवण. ते रागातच जेवायला बसले. पहिली भाकरी रागात गेली, दुसरी गप्प गेली, तिसरी त्यांनी मागून घेतली.

हात धुऊन निघताना रुपालीला म्हणाले, "नाव असूं दे. आता कुनी विचारलं तर सांगेन, मीच शिकवलंय तिला."

*

रुपालीची ऑफिसातली मैत्रीण मृण्मयी कामोठ्याला सेक्टरमध्ये राहते. ब्रँड कसा करायचा याचे ती क्लास घेते. रविवारी आमच्याकडे यायची, जेवायची आणि शिकवायची. याच क्रमाने. तिचं म्हणणं, नाव असं हवं की दुसऱ्या कुणाचं असूच शकणार नाही.

आमच्या गावात सगळेच म्हात्रे, म्हणून प्रत्येक घराला एक वेगळं नाव असतं. कुणी विहिरीवरचे, कुणी बॅटरीवाले. आम्ही चिंचेखालचे. पोस्टमनसुद्धा तेच विचारत येतो. रुपाली म्हणाली, "मग 'चिंचेखालची चूल'!"

मृण्मयी उठून दारापर्यंत गेली, इकडे तिकडे बघून परत आली. "पण चिंच कुठेय?"

"ती रस्त्याच्या कामात गेली," मी म्हटलं. "तिच्या जागी मोबाईलचं दुकान आहे."

"काकू, ब्रँड खरा पाहिजे हो. उद्या कुणी चिंच बघायला आलं तर?"

जितू जेवत होता. मान वर न करता त्याने विचारलं, "मृण्मयीताई, तुमच्या सोसायटीचं नाव काय?"

"लेक व्ह्यू."

जितूने भाताचं भांडं तिच्याकडे सरकवलं. मृण्मयीने थोडा भात कालवला, एक घास खाल्ला आणि म्हणाली, "चिंचेखालची चूल. फायनल!"

*

पुढच्या रविवारी रंग आला. मृण्मयी म्हणाली, ब्रँडचा एकच रंग असतो, सगळीकडे तोच वापरायचा, म्हणजे लोक लांबून ओळखतात. रुपालीने हळदीचा पिवळा निवडला. चांगली जाड पिवळी कार्डं छापून आणली. कोपऱ्यात हळदीच्या बोटांचे ठसे, मध्ये 'चिंचेखालची चूल', खाली 'आमच्याकडे अवश्य या', आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत ब्लॉगचा पत्ता. शनिवारी सकाळी स्वतः फिरून गावात वाटली.

आमच्याकडे लग्न एक वेळ चुकेल, पण हळद कुणी चुकवत नाही. मांडव, बेंजोचा बाजा, जेवण, सगळी मजा हळदीला. आणि पिवळं कार्ड हातात आलं की आगरी माणूस मुंगीएवढी अक्षरं वाचत बसत नाही!

संध्याकाळी बघते तर ओट्यावर इस्त्रीच्या साड्या. "गो बाय, कुनाची हलद हाय? आदी बोलली नायस ती?" मागून बेंजोवाला आला, म्हणाला, "आमाला न सांगता बाहेरचा बेंजो सांगितलाव काय?"

आता आलेल्यांना उपाशी कसं पाठवायचं? रुपाली आणि मी भाकऱ्या थापायला बसलो. सगळे पोटभर जेवले. फक्त माझी थोरली नणंद उठेना.

"हलदीला आलंय. हलद लावल्याबिगर मी जायची नाय."

"वन्सं, हे ब्लॉगचं कार्ड आहे."

"मंग त्याला बोलव. त्याला लावतंय!"

शेवटी जितूला पाटावर बसवला. सोमवारी तो बंदरात कामावर गेला तेव्हा गाल पिवळेच होते. गेटवरच्या माणसाने हात मिळवला आणि हळूच विचारलं, "पहिल्या वहिनींना माहीत आहे ना?"

*

मग मृण्मयी म्हणाली, "आता ब्रँडला बोली पाहिजे. वाचल्याबरोबर कळलं पाहिजे की हे तुमच्याच घरचं."

रुपाली स्वयंपाक करताना फोनशी बोलून लिहायची. एकदा जवळा निवडत होती आणि खाली राहिलेला चुरा केरात टाकायला निघाली. मी ओरडले, "टाकू नको! चुरा टाकतेस? चटणी काय नुसत्या मिरचीची करशील?" फोन चालूच होता. त्याने तेही लिहिलं, आणि रुपालीने न बघता तसंच पाठवून दिलं. जवळ्याच्या कृतीच्या डोक्यावर माझी बोलणी!

दुसऱ्या दिवशी लोकांची उत्तरं. जवळ्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. सगळ्यांचं एकच, अजून काय काय टाकायचं नाही ते सांगा. मृण्मयीचा लगेच फोन आला, "हीच बोली! प्रत्येक वेळी सुरुवात हीच करायची!"

झालं. रुपाली फोन घेऊन माझ्या मागे मागे. पण समोरचा वाट बघत बसला की राग येतो का? एकदा तिने माझ्या डोळ्यांदेखत भाताची पेज मोरीत ओतली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी गप्प. तिने दुसरं भांडं उचललं. मी तरी गप्प.

रडकुंडीला येऊन म्हणाली, "आई, रागवा ना हो! आज पोस्ट टाकायचीय!"

*

जत्रा तोंडावर आली. शेजारची यमुना रोज वाचायची आणि रोज "ब्येस लिवलंस गो" म्हणायची. रुपालीने तिला धरलं. "यमुनाकाकी, माझ्या ब्लॉगचं नाव काय?"

यमुनाने आठवून आठवून पाहिलं. "नाव... ते गो, निळं दाबलं का येतं ते!"

रुपाली हसली. मग आत जाऊन तिने ऑफिसचे जुने ड्रेस काढले आणि एकेकाला इस्त्री करायला घेतली.

*

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताची गाडी दारात. दिलेला शब्द, रुपाली तयार होऊन बसली. मला पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून मागच्या सीटवर मीही. वाटेत दत्ताला त्याच्या बायकोचा फोन आला, पाहुणे येतायत, मासळी आणा. त्याने मासळी बाजाराशी गाडी लावली. "वहिनी, तूच घे. तुला कळतं. पण बिगी बिगी, ऑफिसात मानसं थांबलीत."

आम्ही दोघी उतरलो. एका कोळणीकडे घोळ मासळी होती, ताजी, चांगली हातभर. रुपालीचं लक्ष अर्धं गाडीकडे. म्हणाली, "मावशी, तुकडे करा पटकन. डोकं टाकून द्या."

कोळणीचा कोयता वरच थांबला.

"काय बोललीस? घोलीचं डोकं टाकू?"

"घाई आहे मावशी."

"आग लाग तुज्या घाईला! येवढा मोटा मोबाईल हाय हातात, त्याच्यान ती चिंचेखालची काय सांगतं ते वाचत नाय? रांधायचं मागून, पयलं काय टाकायचं नाय तेच सांगतं ती! माझी सून रोज वाचून दाखवतं मला."

रुपालीने माझ्याकडे पाहिलं. मी माश्यांकडे पाहत होते.

"कोण चिंचेखालची?" रुपालीने विचारलं.

"मला काय ठावं कोन! चिंचेखालची म्हंजे चिंचेखालची!"

"बरं मावशी, डोक्यासकट द्या."

"आता नाय द्यायची." कोळणीने घोळ उचलली आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या पुढ्यात ठेवली. "जा, आदी वाच. मंग ये."

आम्ही रिकाम्या पिशवीने परत आलो. दत्ताने काच खाली केली. "मासली कुठंय?"

"दिली नाही," रुपाली म्हणाली.

"दिली नाय म्हंजे? बरं ऱ्हाऊ दे, बस तू. उशीर झालाय."

रुपालीने दार उघडलं, माझी पर्स बाहेर काढली आणि दार लावून टाकलं.

"भावजी, तुम्ही व्हा पुढं. मला आधी वाचायला सांगितलंय."