डाव्या चाकाचा नट

हे लिहायला बसले तेव्हा दाराला आतून कडी घातली. घरात कुणी नाही, तरी घातली. नऊ वर्षांत ही गोष्ट माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही – नवऱ्यासमोर नाही, आव्वासमोर, म्हणजे आईसमोर नाही. नृसिंहवाडीला दत्तासमोर हात जोडून उभी होते, अगदी ओठांपर्यंत आलं होतं, आणि ऐनवेळी भावाच्या नोकरीचं मागणं मागून मी बाहेर आले. देवाला काय ठाऊक नसतं? पण आपल्या तोंडानं बोलायचं म्हटलं की – जाऊ दे. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं. सोपं म्हणजे काय, दोन कागद फाडून झालेत.

आधी चांगलं चांगलं सांगते. भ्यालेलं माणूस असंच करतं.

कोल्हापुरात इंजिनिअरिंगला होते तेव्हा आमच्या कॉलेजनं पहिल्यांदा गो-कार्टची टीम काढली. गो-कार्ट म्हणजे ती बुटकी, उघडीवाघडी शर्यतीची गाडी. आत बसलं की बूड रस्त्यापासून चार बोटं वर. ती विकत आणायची नाही, पोरांनी स्वतः बनवायची, असा नियम. आम्ही नऊजण. उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये सहा महिने पाइप कापले, वाकवले, जोडले. मी गडहिंग्लजची; वडलांचं, आण्णांचं, कापडाचं दुकान, घरात निम्मं बोलणं कानडी. टीममध्ये एकटी पोरगी, आणि सगळ्यांवर ओरडायचं काम माझंच, म्हणून मला सगळे 'अक्का' म्हणायचे. वजन अठ्ठेचाळीस किलो, म्हणून ड्रायव्हर मी. हलका ड्रायव्हर असला की गाडी पळते, एवढंच त्याचं शास्त्र. पण गडहिंग्लजमध्ये मात्र आण्णांनी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं होतं, आमची पोरगी रेसला उतरणार.

दुसरा ड्रायव्हर सुदर्शन. माझ्या बरोबरीचाच, शिरोळकडचा, जैनांचा पोरगा. घरी ऊस, पण ह्याचा जीव वेल्डिंगवर. त्यानं केलेला सांधा बघायला शेजारच्या शेडमधले म्हातारे मिस्त्री चहाचा कप हातात घेऊन यायचे आणि न बोलता बघत राहायचे. एकदा त्यातला एकजण म्हणाला, "लेकाच्या हातात लक्ष्मी हाय." सुदर्शन लाजून लालबुंद झाला. डिग्री झाली की स्वतःचं वर्कशॉप टाकायचं, हे त्याचं ठरलेलं होतं. नावसुद्धा ठरलं होतं. ते नाव मी इथं लिहीत नाही, मला लिहवत नाही.

आता पिवळ्या रेघेचं सांगायला पाहिजे. टॉर्क रेंच म्हणून एक पाना असतो. नट पाहिजे तेवढा आवळला की तो 'कट्' असा आवाज करतो. आमच्या टीमचा नियम असा – 'कट्' ऐकला की त्या नटावरून पिवळ्या पेंटच्या पेनानं एक रेघ ओढायची. रेघ दिसली की तो नट बाकीच्यांनी बघायचा नाही. हा नियम कुणी केला? मीच केला. शर्यतीच्या दोन दिवस आधी सुदर्शन एका नटावर रेघ मारायची विसरला, तर मी सगळ्यांसमोर त्याला असा झाडला की बिचारा खाली मान घालून उभा राहिला. "एखाद्याचा जीव जाईल, कळतंय काय?" असं मी म्हणाले होते. हे माझं वाक्य मला शब्दन् शब्द पाठ आहे.

शर्यतीचा दिवस. शहराबाहेरचा ट्रॅक, सकाळपासून ऊन. पुण्याच्या, सांगलीच्या, बेळगावच्या टीमा. आमची ही पहिलीच शर्यत. गडहिंग्लजहून आण्णा, आव्वा आणि दोन काका जीप भरून आलेले, बरोबर भाकरीची चळत आणि झुणका. टीमचे सर नवा शर्ट घालून आलेले. सकाळी सराव करताना मीच गाडी कडेच्या दगडावर चढवली आणि डाव्या चाकाला स्टेअरिंगशी जोडणारा दांडा वाकला. बदलायला दहा मिनिटं लागतात. दांडा बदलला. बोल्ट घातला. नट लावला. आणि टॉर्क रेंच नव्हता.

कुठं गेला? मीच दिला होता. बेळगावची पोरं मागायला आली होती. आपल्या गावात पावणं आल्यात, न्हाय कसं म्हणायचं? "घ्या की, सावकाश द्या," असं वर म्हणाले. आमच्याकडं एकच रेंच होता आणि तो मी मोठेपणानं देऊन बसले होते. तेवढ्यात तपासणीसाठी आमच्या टीमचं नाव पुकारलं. मी साध्या पान्यानं नट आवळला, अंदाजानं. मनात म्हटलं, रेंच आला की बघू. आणि पेन काढून रेघ ओढली.

बघा, ती रेघ मी ओढली. कुणी सांगितलं नव्हतं.

तपासणीचे साहेब वाकून बघत होते. सगळ्या नटांवर पिवळ्या रेघा बघून खूश झाले, शेजारच्या टीमला म्हणाले, ह्यांची शिस्त बघा जरा. आमची पोरं फुगली. तपासणी झाली की गाडी दोरीच्या आत लावायची आणि तिला कुणी हात लावायचा नाही. लावला तर पुन्हा तपासणी, पुन्हा रांगेच्या शेवटी. म्हणजे शर्यत गेलीच. मग प्रत्येक ड्रायव्हरला ट्रॅकची ओळख म्हणून एक फेरी देतात, ती मी मारली. तिसऱ्या वळणावर, डावीकडं वळताना, स्टेअरिंग हातात जरा हललं. चाक न वळता नुसतंच. बोटभरसुद्धा नाही, पण हललं. कुठला नट ढिला आहे ते मला लगेच कळलं. पुढची अर्धी फेरी मी रांगत आणली आणि दोरीच्या आत गाडी लावली.

शर्यतीला वीस मिनिटं होती. मला काय करायचं होतं? "थांबा" म्हणायचं होतं. एवढा एकच शब्द. सरांच्या नव्या शर्टाकडं बघितलं, आण्णांच्या हातातल्या मोबाइलकडं बघितलं – ते गावाकडं कुणाला तरी व्हिडिओवर ट्रॅक दाखवत होते – आणि सुदर्शनकडं बघितलं. ज्याला मी रेघेवरून झाडलं होतं त्याच्यासमोर सांगायचं की माझी रेघ खोटी आहे? छे. मला ते जमलं नाही. आणि त्या गाडीत पुन्हा बसायचं धाडसही माझ्यात नव्हतं.

म्हणून मी सरांना बाजूला घेतलं आणि अर्ध्या शब्दात सांगितलं की मला पाळी आलीय, पोटात फार दुखतंय. सर जमिनीकडं बघायला लागले. बरं बरं, बस तू सावलीत, म्हणाले. कोण विचारणार? नऊजणांत आठ पोरं, कुणाची हिंमत! मला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तर ते निवडलं. पुढच्या वर्षी एक चांगली पोरगी टीममध्ये आली तर सरांनी तिला ड्रायव्हर केलं नाही, ऐनवेळी बायकांच्या अडचणी नकोत म्हणाले. तेही माझ्याच नावावर.

आव्वाला तारखा ठाऊक होत्या. ती जवळ आली, पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "भ्यालीस व्हय गं?" मी मानेनंच हो म्हटलं. ती म्हणाली, असू दे, भ्यायला काय झालं. तिला वाटलं पोरगी वेगाला भ्याली.

सुदर्शन हेल्मेट घालत होता. माझंच हेल्मेट, त्याला घट्ट व्हायचं. आणि त्यानं मला विचारलं – हे वाक्य लिहायला मी सगळं पुढं ढकलत आलेय – त्यानं सरळ विचारलं, "अक्का, स्टेअरिंग कसं हाय?"

मी म्हणाले, "एक नंबर हाय."

दहा फेऱ्यांची शर्यत. मी कुंपणाच्या तारेला धरून उभी. बाकीचे ओरडत होते, शिट्ट्या मारत होते, सुदर्शन चौथ्या नंबरवर होता आणि एकेकाला मागं टाकत होता. मी फक्त तिसरं वळण बघत होते. गाडी वळली की श्वास सोडायचा, पुन्हा धरायचा. पहिली फेरी. दुसरी. लाल झेंडेवाला माणूस माझ्यापासून पंधरा पावलांवर होता, त्याच्या कानात बोलले असते तरी शर्यत थांबली असती. तिसरी फेरी. मनात म्हणत होते, ह्या फेरीनंतर सांगते. चौथी. आता पुढच्या फेरीनंतर नक्की सांगते. पाचव्या फेरीला तो दुसरा आला, आण्णा लहान पोरासारखे नाचले, आणि मला वाटलं – काही होणार नाही. टिकतोय नट. उगीच भ्याले. तुम्हाला खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचा हेवासुद्धा वाटला.

सहाव्या फेरीला गाडी वळलीच नाही. स्टेअरिंग डावीकडं फिरलेलं मला दिसलं, चाक मात्र सरळ राहिलं. गाडी थेट टायरच्या भिंतीत घुसली, मागच्या गाडीनं तिला ठोकरलं, ती कलंडली.

मी पळाले. तारेवरून उडी टाकून, सगळ्यांच्या आधी. हे आजही सगळे सांगतात – अक्का सगळ्यांच्या आधी पोचली. सुदर्शन गाडीबाहेर फेकला गेला होता, पालथा पडला होता, उजवा हात अंगाखाली. तो कण्हत होता. मी त्याच्याजवळून पुढं गेले. नीट वाचा – त्याच्याजवळून, पुढं. मी गाडीकडं पळाले.

"पेट्रोलचा कॉक बंद करतो!" असं ओरडले. आम्ही कोल्हापूरकडच्या पोरी 'करतो, जातो' असंच बोलतो. कॉक मी बंद केला, ते खोटं नाही. पण त्याआधी डाव्या चाकापाशी गुडघ्यावर बसले. बोल्ट गळून गेला होता, धडकेत वाकलेला दांडा लोंबत होता. माझ्या खिशात जादा नट-बोल्ट आणि छोटा पाना होता. सगळे त्याच्याभोवती गोळा झालेले, कुणी पाणी मागतंय, कुणी गाडी आणा म्हणतंय, आव्वा रडतेय – आणि मी तो बोल्ट बसवला, कसाबसा. नट फिरवला. बोटांनी, मग पान्यानं. आणि खिशातून पेन काढून त्याच्यावर पिवळी रेघ ओढली. हात अजिबात थरथरला नाही.

संयोजकांनी कागदावर लिहिलं, चालकाचा ताबा सुटला. दांडा वाकला तो धडकेनं, असं सगळ्यांनी मानलं. नटावर रेघ होती ना.

सुदर्शनचं उजवं मनगट तीन ठिकाणी मोडलं. दोन ऑपरेशनं, आत पट्ट्या. आज तो हात जेवतो, सही करतो, पण स्थिर राहत नाही. अशा हातानं वेल्डिंग होत नाही. तो साखर कारखान्यात हजेरी लिहायच्या कामाला आहे. दवाखान्यात मी रोज जायचे, महिनाभर. त्याच्या आईनं माझे दोन्ही हात धरून सांगितलं, तू नसतीस तर गाडी पेटली असती बाई. मी ते हात सोडवून घेतले नाहीत. मी काय म्हणाले? "असं काय बोलता, आई." छान वाटत होतं का? थोडं वाटत होतं. तेही सांगून टाकते.

तेव्हा लहान होते, घाबरले होते, असं मला लिहिता येईल. लिहीत नाही. सव्विसाव्या वर्षी तोंड उघडता आलं असतं, काल आलं असतं, आज सकाळी फोन हातात होता.

गेल्या महिन्यात तो बायकोला घेऊन आमच्याकडं आला. जोतिबाला जाऊन आले होते, कपाळावर अजून गुलाल होता. आमच्या दारात नवी गाडी उभी. नवऱ्यानं कौतुकानं किल्ली त्याच्यापुढं धरली, एक चक्कर मारा म्हणाला. सुदर्शननं हात मागं घेतले. त्याची बायको हसून म्हणाली, लग्न झाल्यापासून स्कूटर मीच चालवते, हे मागं बसतात. तोही हसला.

"नको दाजी," तो म्हणाला, "माझ्या हातात स्टेअरिंग टिकत न्हाय. त्या दिवशी माझीच चूक झाली, वळण चुकलं माझं. अक्काला इचारा की, तिनं डोळ्यानं बघितलंय."

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. "व्हय काय गं?"

मी म्हणाले, "व्हय."