मामा ‘मला’ म्हणाला

गेल्या रविवारी सकाळी सव्वानऊला मी अमरावतीत खोलीवर चहात टोस्ट बुडवत मामाची नवी रील बघत होतो. मामा म्हणाला, "मला ठाऊक आहे," आणि माझा टोस्ट चहातच राहिला.

मला?

माझा मामा अकोल्यात सलून चालवतो आणि घरच्या-दारच्या गमती सांगून रील टाकतो. जन्मात त्याच्या तोंडून ‘मला’ निघालेलं नाही, कायम वऱ्हाडी ‘मले’च. इथे चेहरा त्याचा, आवाज त्याचा... पण बोलणं बातम्या देणाऱ्यासारखं.

हल्ली कॉम्प्युटर कुणाचाही चेहरा, आवाज तयार करतो. आज ‘मला’ म्हणायला लावलं, उद्या मामाच्या तोंडी काहीही घालतील... आणि गल्लीतले लोक ते खरं मानतील. मी रील थांबवून थांबवून ओठ, दात, पापण्या तपासल्या. मामाला फोन लावला, तर तो म्हणाला, "मीच आहो ना बे." पण फोनवरच्या आवाजाचा तरी काय भरवसा? अकोल्याची एसटी पकडली.

मामा एकाची दाढी करत होता. मी दारातूनच विचारलं, "मामा, ती नवी रील तुमीच बनवली का?"

"नाही तं काय तुया बापानं?"

"मंग ‘मला’ काहून म्हणता?"

वस्तरा थांबला. मामानं हात पुसून मोबाइलवर एक जुनी रील लावली. तो म्हणत होता, "बायकोनं मले झोडपलं." खाली मोबाइलनं आपोआप लिहिलं होतं, ‘बायकोनं मुले झोडपलं.’

त्याखाली लोकांनी मामीला नाही नाही ते सुनावलं होतं. कसली आई आहे, हिला पोलिसात द्या...

मामा हळूच म्हणाला, "आमाले लेकरंच नाहीत, तुले तं माईत हाय. तुई मामी दोन दिवस जेवली नाही. मंग म्या ‘मले’ म्हननंच सोडलं."

मशीन नकली मामा बनवेल म्हणून मी धावत गेलो होतो. तिनं खऱ्या मामाचंच बोलणं बदललं होतं.

माझं शिक्षण दहावीपर्यंतच, पण शुद्धलेखन पक्कं. त्या दुपारी मी मामाला पुन्हा ‘मले’ म्हणत रील करायला लावली आणि सलूनच्या बाकावर बसून तिच्याखालची अक्षरं हातानं टाइप केली. कीबोर्डनं ‘मले’चं लगेच ‘मुले’ केलं... मी खोडलं, पुन्हा लिहिलं.

निघताना मामी डबा देत म्हणाली, "नीट पाहून लिवजो बाप्पा."

आता मामाची प्रत्येक रील आधी माझ्याकडे येते. मी एकेक अक्षर तपासतो आणि पोस्ट झाल्यावर पुन्हा एकदा उघडून बघतो.