राठोडांच्या नावाची पाटी

सकाळी वसमतच्या माझ्या हॉटेलात पोह्यांची पहिली कढई उतरत होती, तेवढ्यात औंढ्याहून फोन आला. रुक्मिणीवहिनी होत्या. "भाऊजी, मालक गेले…" एवढंच बोलल्या. गोविंद झोपेतच गेला होता. आदल्याच आठवड्यात तो माझ्याकडे जेवून गेला होता. गाडीत बसताना म्हणाला होता, "अनंता, तुझ्याकडची भाकरी आता जमली बरं." इतक्या वर्षांनी मिळालेली ही शाबासकी… आम्ही दोघंही हसलो होतो.

गोविंद राठोड शिरड शहापूरजवळच्या तांड्यावरचा. औंढ्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. माझे वडील देवळाच्या सेवेत, त्याचे शेतात. शाळा संपल्यावर तो हैदराबादला एका हॉटेलात कामाला लागला आणि बऱ्याच वर्षांनी परतला तो औंढ्यात स्वतःचं भोजनालय काढायचं ठरवूनच. रस्त्याकडेला पत्र्याचं शेड, आत चुलीपाशी वहिनी. पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा, वरण-भात. पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा जो तो सांगू लागला, यात्रेकरूंचं गाव आहे, देवाचं नाव दे. तांड्यावरचं आडनाव वाचून काही लोक आत येणार नाहीत, हे उघड कुणी बोलत नव्हतं, पण मनात तेच होतं. गोविंद म्हणाला, "जेवण माझं, मग नाव दुसऱ्याचं काहून?" आणि 'राठोड यांचे भोजनालय' अशी पाटी लागली. सुरुवातीला खरंच माणसं ती वाचून पुढे जात. मग एका दुपारी माझे वडील देवळातून निघाले, सगळ्यांदेखत त्याच्या बाकावर बसले आणि पोटभर जेवले. आमच्या घरात त्यावर पुष्कळ दिवस धुसफूस चालली. वडील मात्र अधूनमधून जातच राहिले.

हळूहळू शेडचं हॉटेल झालं. चवीची ख्याती पसरली, तशी माणसं शाखा मागायला येऊ लागली. फ्रँचायझी हा शब्द त्यानं हैदराबादेतच ऐकलेला होता, पण तो 'शाखा'च म्हणायचा. वसमतची पहिली शाखा मी घेतली. त्याची अट एकच होती : आधी महिनाभर औंढ्याच्या स्वयंपाकघरात राबायचं. वहिनींनी मला भाकरी थापायला शिकवलं तेव्हा माझी बोटं पोळली आणि गोविंद खुशाल गल्ल्यावर बसून हसत होता. पुढे शाखा वाढत गेल्या. मसाला सगळीकडे औंढ्याहून जायचा. हिंगोलीची शाखा, सगळ्यांत मोठी, त्यानं धाकट्या भावाला, विठ्ठलला दिली. तिथंच घात झाला.

विठ्ठलकडे गर्दी मावत नव्हती. उरलेली आमटी फेकणं त्याच्या जिवावर येई. दुसऱ्या दिवशी ती नव्यात मिसळली जाऊ लागली. त्यातून एका लग्नाच्या वऱ्हाडातली माणसं आजारी पडली. सगळी बरी झाली; विठ्ठलनं माफीही मागितली. गोविंद मला घेऊन हिंगोलीला गेला, दारात पाटीखाली शिडी लावली आणि स्वतः वर चढला.

"दादा, लोक बघून राहिले," विठ्ठल खालून म्हणाला. दोघं घरात तांड्याची बोली बोलत. त्या दिवशी मराठीत बोलले, गिऱ्हाइकांपुढे. "नाव काय तुझ्या एकट्याचं हाय? माझ्या बापाचंबी हायच ना?"

"म्हणूनच उतरवून राहिलो," गोविंद म्हणाला.

परतीच्या वाटेवर पाटी मागच्या सीटवर होती. मला वाटलं, एवढं करायला नको होतं, आणि तसं मी गोविंदला सांगितलंही. त्यानं नुसती मान हलवली. त्यानंतर दोघा भावांचं बोलणं बंद झालं. दिवाळीला आई तांड्यावर दोघांची वाट बघायची. एक सकाळी येऊन जायचा, दुसरा संध्याकाळी. आई गेली तेव्हाही दोघं दोन बाजूंना उभे होते.

विठ्ठलनं मग त्याच जागेवर स्वतःच्या नावानं खानावळ काढली. ती चांगली चालली आहे, असं कानावर यायचं. एक दिवस गोविंद अचानक म्हणाला, "चल, हिंगोलीला जेवू." आम्ही गिऱ्हाइकासारखे जाऊन बसलो. विठ्ठलनं स्वतः ताट आणलं. पहिली भाकरी संपली, तशी गोविंदनं दुसरी मागितली. विठ्ठलनं ती वाढली, वर तुपाची धार सोडली आणि म्हणाला, "सावकाश जेव, दादा…" गोविंद खाली मान घालून जेवत राहिला. गाडीत बसल्यावर म्हणाला, "पिठलं माझ्यापेक्षा बरं करतं रे पोरगं." ते पोरगं तेव्हा पन्नाशीला आलं होतं.

तेराव्यानंतर सगळे शाखावाले औंढ्यात जमले. आता चव कोण राखणार, हा प्रश्न होता. वहिनी फार वेळ ऐकत होत्या. मग कोपऱ्यात बसलेल्या विठ्ठलकडे वळून म्हणाल्या, "तुमी जात जा सगळीकडं, चव बघायला." तो म्हणाला, "वहिनी, मी कोणत्या तोंडानं जाऊ?" त्या म्हणाल्या, "ज्याला एकदा ठेच लागली, त्यालाच जाऊ द्या."

गेल्या आठवड्यात तो न सांगता माझ्याकडे आला. सरळ आत गेला, वरणाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं, पळीतलं थोडं तळहातावर घेतलं आणि जिभेवर ठेवून डोळे मिटले. गोविंद अगदी असाच उभा राहायचा, आणि त्याचे डोळे उघडेपर्यंत आमचं अख्खं स्वयंपाकघर गप्प असायचं. त्या दिवशीही भाकरी थापणाऱ्या बायांचे हात थांबले…

"बराबर हाय," विठ्ठल म्हणाला.

बायांनी पुन्हा पिठात हात घातले. मी त्याच्यासाठी ताट मांडलं.