दारापुढचा सडा

पुण्यातलं घर विकून आम्ही नवरा-बायको चाकांवरच्या घरात राहू लागलो, तेव्हाची गोष्ट. वाशिमकडे जाताना जऊळक्यात एका कडुनिंबाखाली मुक्काम केला होता. पहाटे पाण्याचा सपसप आवाज आला, स्वप्नातला वाटावा असा. दार उघडलं, तर धुक्यात एक अनोळखी म्हातारी आमच्या पायरीपुढं शेणाचा सडा टाकून, वाकून रांगोळी काढत होती.

“आजी, ही गाडी आहे हो,” मी म्हणालो.

तिची चिमूट थांबली नाही. “आत निजता नं? मंग घरच हाय बापा. दार बोडकं काहून ठेवता?”

बायको कितीतरी वेळ पायरीवर बसून राहिली. घर विकल्यापासून ती दारात अशी बसली नव्हती.

दुपारी निघालो. घर आमच्यासोबत आलं. अंगण मात्र त्या कडुनिंबाखालीच राहिलं.