मावशीचा अधांतरी पाय

ते गाणं तुम्ही ऐकलंच असेल. नसेल, तर इतकी वर्षं कानात बोळे घातले होते का, ते आधी सांगा. गिटारी खच्चून वाजत असतात आणि मधेच सगळं थांबतं. श्वासभर काही नाही. मग धाम्मकन मोठा ड्रम वाजतो आणि गायक ओरडतो, "ऊठ, अजून उजेड आहे!" हरलेली माणसं हे गाणं ऐकून उठून बसतात. जाणकार त्या शांततेवर पानंच्या पानं लिहितात. ती माझ्या मावशीच्या पायामुळे झाली असं मी सांगितलं, की माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. बघोत बापडे.

मावशी रुग्णालयांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात इस्त्रीला होती. यंत्र पलंगाएवढं. एकीने चादर पसरायची, दुसरीने पायाखालची पट्टी दाबायची, की वरचं तापलेलं झाकण खाली येणार. मावशी पट्टीवर. नियम एकच: जोडीदारणीचे दोन्ही हात डोळ्यांनी दिसल्याशिवाय पाय टेकवायचा नाही. एकीने एकदा अंदाजाने टेकवला होता, आणि त्या भाजलेल्या हाताला मावशीनेच फडकं गुंडाळलं होतं. तेव्हापासून ती घरी कपाटाचं दार लावतानाही आधी आमचे हात बघायची. आम्ही कार्टी हसायचो.

तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, एका बॅंडमध्ये ड्रम वाजवायचे. अर्धांगवायूचा झटका आल्यावर हात सुधारला, पण उजवा पाय गेला तो गेलाच. आणि मोठा ड्रम वाजतो उजव्या पायाने. सासूबाईंनी सुनेच्या पायगुणावर खापर फोडलं. आपलाच मुलगा सिगारेटी ओढत धुराडं होऊन फिरत होता, ते सोयीस्कर विसरल्या.

बॅंडची मंडळी वाईट नव्हती. पण गाण्याच्या रेकॉर्डिंगला स्टुडिओ एकाच दिवसासाठी मिळाला होता आणि दुसरा ड्रमवाला बाहेर बाकावर बसला होता. काकांना जमलं नाही, तर तो आत येणार होता, कायमचा.

दोनदा फसलं. काकांनी पाय हाताने उचलून ड्रमच्या पट्टीवर ठेवला, तो नुसता पडून राहिला. गायक खाली बघत म्हणाला, "दादा, राहू दे आता."

डबा घेऊन आलेली मावशी कोपऱ्यातून उठली. चपला काढल्या आणि काकांच्या उजवीकडे स्टूल ओढलं.

"अहो, सरका जरा."

"तुला काय येतंय यातलं?"

"पायाखाली पट्टीच आहे ना? मग! तुम्ही हातांचं बघा."

आणि जमलं की हो! मी तिथे नव्हते, पण दोघांना वेगवेगळं गाठून खात्री करून घेतली आहे. गाणं रंगात आलं, तोच काकांच्या घामेजल्या हातातून काठी निसटली आणि मोठ्या ड्रमपाशी पडली. ते वाकले. हात दिसेना. मावशीचा पाय अधांतरी थांबला. तिच्या ठोक्यावर चाललेले सगळेच थांबले. काकांनी काठीसकट हात वर केला. तिने बघितला. धाम्म!

गायक असा काही ओरडला, की तो रडतोय का गातोय, आजही कळत नाही. पुन्हा वाजवू या, असं कुणीच म्हणालं नाही. बाहेरचा ड्रमवाला आपणहून घरी गेला.

काका गेल्यावर मी तिला त्या बॅंडच्या मैदानावरच्या कार्यक्रमाला नेलं. त्या शांततेत लोक एक पाय उचलून उभे राहतात. ही रीत कुणी पाडली, देव जाणे. हजारो माणसं, आजोबा, पोरंटोरं, बंदोबस्ताचा पोलीससुद्धा, एका पायावर गप्प. एवढ्या लोकांना ठाऊकही नव्हतं, की ते एका हाताची वाट बघताहेत.

मावशीनेही कठडा धरून पाय उचलला. आणि डावीकडे बघितलं.

धाम्म! मैदान हादरलं. लोक नाचायला लागले. मावशीचा पाय वरच. तिच्या डावीकडे भलताच कुणीतरी शिट्ट्या मारत होता.

मी त्याला ढकलून तिथे शिरले आणि दोन्ही हात तिच्यासमोर धरले.

"मावशी, हे बघ."

तिने एक बघितला, दुसरा बघितला. मग पाय टेकवला.