मुंजाजीची जीभ

मुंजाजी कुंभार माती डोळ्यांनी पारखत नसे. तो ती चाखायचा. चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, पुढच्या दातांनी हळूच चावायची, डोळे मिटायचे आणि थुंकून निकाल द्यायचा, "बराबर हाय," नाहीतर "फेका." झालं! त्यावर अपील नाही. कुरुंद्याच्या आसपासच्या चार गावांत त्याच्या मडक्यांचं नाव होतं, आणि लोक त्याचं श्रेय हाताला नाही, जिभेला द्यायचे. बापाकडून आलेली एवढी एकच इस्टेट त्याच्याकडे होती.

आपल्याकडच्या मातीत चुना फार, हे शेतकऱ्यालाही ठाऊक असतं. मोठा खडा चाळणीत अडकतो, पण पिठासारखा बारीक चुना डोळ्याला दिसत नाही. तो जिभेलाच कळतो, जीभ आत ओढल्यासारखी होते. असल्या मातीचं भांडं भट्टीतून निघालं की दोन-तीन दिवस नव्या नवरीसारखं दिसतं. मग भाजलेला चुना हवेतली ओल पितो, फुगतो आणि वरचा पापुद्रा फोडून बाहेर येतो. यावर एक इलाजही आहे. भट्टीतून काढल्या काढल्या गरम भांडी पाण्यात बुडवायची, म्हणजे चुना जागच्या जागी विरतो. पण त्यासाठी मातीत चुना आहे हे आधी कळायला हवं ना!

दोन हजार चार सालची गोष्ट. स्टीलची ताटं आणि प्लास्टिकच्या घागरी घराघरांत जाऊन बसल्या होत्या. कुंभाराची आठवण फक्त संक्रांतीच्या सुगडांना आणि लग्नात. मुंजाजीचा थोरला भाऊ मसाजी पाच वर्षांपूर्वी बायकोपोरांसकट वसमतकडच्या वीटभट्टीवर गेला, तो गेलाच. त्याचं चाक पावसात कुजलं. आता भट्टीचा मुकादम मुंजाजीच्या दारात येऊन बसू लागला होता.

"दिवाळी झाली की या जोडीनं," तो म्हणायचा. "खोपटं तयार हाय."

जोडीनं म्हणजे बायको जनकाबाई आलीच. आणि त्यांची रागिणी? ती सातवीत होती. वीटभट्टीवर शाळा कुठली? तिथं गेलेली मसाजीची पोरं आज विटाच उचलत होती. मुंजाजीला हे आठवलं की तो ताटावरून उठायचा.

अशात एक दिवस हिंगोलीहून शिवप्रसाद आला. त्याचा रेल्वे ठेसनावर चहाचा गाडा. सरकारनं ठेसनावरचा चहा मातीच्या कपात द्यायचा हुकूम काढला होता, आणि शिवप्रसादला कप पाहिजे होते.

"मामा, आदी पाचशे द्या. माल चांगला निघाला तर दर हप्त्याला घेईन, सालभर."

मुंजाजीला काय करू नि काय नको असं झालं. मुकादम पुन्हा आला तेव्हा त्यानं चार माणसांत सांगून टाकलं, "जा बाबा, मी न्हाई येत. माजं चाक फिरून राहिलंय अजून!"

फिरेल हो, पण माती? पिढ्यान्‌पिढ्या कुंभार गावतळ्याच्या तळची माती आणायचे, लोण्यासारखी. त्या उन्हाळ्यात तळं आटलं आणि सगळा गाळ ट्रॅक्टरनी हळदीच्या शेतांत गेला. उरल्यासुरल्यावर पावसाचं पाणी. मग मुंजाजीनं ओढ्याकाठची माती खणली.

इथं एक घरातली गोष्ट सांगायला हवी. दोन वर्षांपासून मुंजाजी जेवायला बसला की ओरडायचा, "अळणी! बाई, मीठ काय सोन्याच्या भावानं आणतीस?" एकदा त्यानं वरून मीठ घेतलेली ताटातली भाजी रागिणीनं चुकून खाल्ली आणि थू थू करत पाण्याला पळाली. मुंजाजीला वाटलं, पोरगी लाडावलीय. जनकाबाईनं मात्र ती भाजी चाखून बघितली. दुसऱ्या दिवसापासून ती भाजी दोन भांड्यांत काढू लागली. मुंजाजीच्या ओठाखाली तीस वर्षं चुना मळलेली तंबाखू होती आणि वरून चार वर्षं गुटख्याची पुडी. तोंड आतून पांढरं पडलं होतं. माणसाला आपलं तोंड दिसत नाही, दुसऱ्याला दिसतं.

ओढ्याची माती कालवली, चाळली, दोन दिवस मुरवली. जनकाबाई पायानं तुडवत होती. मुंजाजीनं चिमूट उचलली, चाखली, डोळे मिटले. जरा जास्तच वेळ मिटले. जनकाबाई तुडवायची थांबली.

"बराबर हाय," तो म्हणाला.

"पुन्ना एकदा बगा की."

"काहून? तू शिकिवतीस का आता मला?"

ती पुन्हा तुडवू लागली.

घोड्याची लीद मिसळली, चाक फिरलं. आठ दिवस मुंजाजी चाकावरून उठला नाही. एकेक कप दोऱ्यानं कापून फळीवर ठेवायचा आणि त्याच्याकडे लेकरासारखं बघायचा. भट्टी लागली, निवली, उघडली. कप बोटानं वाजवला तर काय तो नाद, टण्ण! रागिणीनं शेजारच्या पार्वतीबाईला बोलावून आणलं. ती म्हणाली, "भावजी, ह्यात च्या प्यायला तरी आमाला हिंगोलीला न्या!" सगळे हसले. त्या दिवशी मुंजाजीनं भाजीला नाव ठेवलं नाही.

अडीचशे कप पेंढ्यात बांधून येष्टीच्या टपावर चढवून तो हिंगोलीला देऊन आला. तीन दिवसांनी, पेंढ्यातच बांधून ठेवलेले उरलेले घेऊन गेला. गाडी लागली होती. लोकं आपल्या कपातून चहा पिताना बघावीत, एवढ्याच हौसेनं तो गाड्याजवळ उभा राहिला.

एका बाईनं घोट घेतला आणि पच्चकन थुंकली. "अगं बाई, यात खडे हायत!"

शिवप्रसाद तिचा कप बदलून देत होता. त्यानं मुंजाजीकडे बघितलं आणि गाड्याखालची टोपली ओढली. आतले कप देवी आलेल्या लेकराच्या तोंडासारखे झाले होते. जागोजागी खळगे, आणि प्रत्येक खळग्यात पांढरा ठिपका.

"कालपासून होऊन राहिलं, मामा. गिऱ्हाईक शिव्या देतेत," शिवप्रसाद म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "हे घेऊन जा. मी प्लास्टिकचेच चालू करतो."

मुंजाजीनं दोन्ही टोपल्या परत आणल्या. दुपारी पडवीत सोडल्या तर चांगले दिसणारेसुद्धा फुटत होते. टिक. मग थोड्या वेळानं पुन्हा टिक. एवढासा आवाज, पण त्याला तो सहन होईना. तो उठला, हौद भरला आणि कप भराभरा पाण्यात टाकू लागला. आता काय उपयोग! थंड झालेले कप पाण्यात जास्तच जोरानं फुटू लागले. चाळीस वर्षं माती हाताळलेला माणूस हौदावर ओणवा होऊन ढसाढसा रडला.

जनकाबाई बाहेर आली.

"मला चुना लागलाच न्हाई गं," तो म्हणाला. "जिभेला काईच लागलं न्हाई."

"मला ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

"तुमची जीभ मेलीय. दोन साल झाले. तुमच्या भाजीत मी मूठभर मीठ घालते, तरी तुमी अळणी म्हणता." तिचाही बांध फुटला. "माती तुडवताना मला वाटलं बोलावं. पर तुमी बराबर म्हणलात. गावात तुमची एवडी एकच गोष्ट राहिली व्हती, ती मी कशी काडून घिऊ?"

मुंजाजीला राग आला, तिचा नव्हे, आणि कोणाचा ते त्याला सांगता येईना. रागिणी दारात दप्तर घेऊन उभी होती.

दिवाळीनंतर दाराला कडी लागली; रागिणीचं दप्तर आतच राहिलं आणि तिघंही वीटभट्टीवर आली. मुकादमानं दिलेलं खोपटं मसाजीच्या शेजारीच होतं. पहिल्या सकाळी विटांच्या मातीचा ढीग भिजवून ठेवला होता. मुंजाजीची बोटं सवयीनं खाली गेली, चिमूट उचलली आणि ओठाशी येऊन थांबली. त्यानं हात जनकाबाईपुढं धरला.

"बघ गं."

तिनं ती जिभेवर ठेवली, चावली, थुंकली. "चुना हाय."

"मुकादम, मातीत चुना हाय बरं का," मुंजाजीनं ओरडून सांगितलं.

मुकादम हसला. "विटा हायत मामा ह्या! त्यात कोणाला च्या प्यायचाय? चला, तुडवा!"

मुंजाजीनं धोतर खोचलं आणि चिखलात पाय घातला.