खिळ्यावरची किल्ली

दुर्वाआक्कांना दिवसा पाणी पिताना मी कधी पाहिलं नाही. राजूरच्या गणपतीच्या वाटेवर, माझ्या मेडिकलसमोर त्या सकाळीच पोतं अंथरून बसत आणि दिवस मावळेपर्यंत एकवीस-एकवीस दुर्वांच्या जुड्या बांधत. उन्हाळ्यात ओठ फुटायचे, पण तांब्यातलं पाणी दुर्वांवर शिंपडण्यापुरतंच. विचारलं तर हसायच्या. "पाणी पिलं की उठावं लागतं भाऊ. अन् उठून बाईमाणसानं जावं कुठं?"

लघवीला जळजळ सुरू झाली की दुकानात येत. दुखण्याचं नाव कधी घेतलं नाही. पदराखालून रिकामी बाटली काढून काउंटरवर आडवी ठेवायची आणि तोंड फिरवून उभं राहायचं. मी तेच गुलाबी सायरप वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचो. "पेलाभर पाण्यात दोन चमचे, आणि दिवसभर भरपूर पाणी," हे खालमानेनं पुटपुटायचो. त्या बाटली तशीच तोंडाला लावत. एकदा म्हणाल्या, "सगळ्या रोगावर गोळ्या हायेत तुमच्याकडं. लाजंवर एखादी न्हाई का?" दोघंही हसलो.

त्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "तुमच्या दुकानामागं संडास हाय म्हणं?" मी म्हणालो, "मालकाला विचारून सांगतो." दुकान भाड्याचं, पण संडासाची किल्ली माझ्याच खिळ्यावर. एकीला दिली की वाटेवरच्या सगळ्याच येतील, एवढाच माझा विचार. मालकाला मी विचारलंच नाही. आक्कांनीही पुन्हा विषय काढला नाही.

अंगारकीला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आक्का आल्या त्या एक हात कमरेवर धरून, भर उन्हात कुडकुडत. बाटली आडवी ठेवून हळूच म्हणाल्या, "यासंग तापाची गोळी बी द्या. जल्दी करा भाऊ, गिऱ्हाईक उभं हाय." जळजळीबरोबर ताप आला, कंबर धरली, की सायरपचं काम संपतं, मग दवाखानाच. हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. पण चार पुरुष उभे होते. त्यांच्यादेखत बाईमाणसाला कसं विचारायचं, म्हणून मी दोन्ही गुंडाळून दिलं.

तिसऱ्या दिवशी त्यांना जालन्याला नेलं. जंतू मूत्रपिंडातून रक्तात गेले होते. आक्का परत आल्या नाहीत.

आता त्या पोत्यावर त्यांची सून बसते. गेल्या महिन्यात तिनं रिकामी बाटली काउंटरवर आडवी ठेवली. भरल्या दुकानात मी विचारलं, ताप आहे का, कंबर दुखते का. डॉक्टरकडं जायला सांगितलं. मग खिळ्यावरची किल्ली तिच्यापुढं ठेवली. "मागं संडास आहे. रोज जात जा. पाणी पीत जा."

तिनं किल्ली उचलली. "भाऊ, आमच्या आत्याबाई होत्या तवा बी हे होतं?"

"होतं," मी म्हणालो. "किल्लीही इथंच होती."